म्हाताऱ्यांच्या बँडबद्दल माझं मत

माझं लिखाण पहिल्यांदा छापून आलं ते इंग्रजीत. छापून म्हणजे सायक्लोस्टाइल केलेल्या आठ पानांच्या पत्रकात, तेही जागोजागी शाई फुटलेल्या. मी एकोणीस वर्षांची होते आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या लेखात मी दोन गोष्टींबद्दल अगदी ठाम मतं दिली होती. एक, जुने ब्लॅक अँड व्हाइट इंग्रजी गुन्हेगारीपट. आणि दोन, म्हातारे होत चाललेले रॉक बँड. त्या सिनेमांतले संवाद मला जेमतेम तिसरा हिस्सा कळायचे. आणि बँड म्हणाल तर डोळ्यांनी पाहिलेला एकच होता. त्या एका बँडपायी मला आजही कुठे ‘तुमचं मत काय?’ असं विचारलं की कानशिलं तापतात.

आम्ही सेक्टर दोनमध्ये राहायचो. बाबा गोंदियाकडच्या एका गावातून, धानाच्या बांधीतून उठून भिलाईत आलेले. तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये ते क्रेन चालवायचे. शेडच्या छपराखाली रुळांवरून सरकणारी मोठी क्रेन, तिच्या केबिनमध्ये उंचावर बाबा, आणि खाली जमिनीवर सिग्नलमन. आवाज एवढा की ओरडून काही उपयोग नाही. सिग्नलमन हातांनी सांगणार: खाली घे, अजून खाली, थांब, आता डावीकडे. त्या हातांकडे पाहून बाबा लालबुंद माल उचलायचे आणि ठेवायचे. खाली माणसं असायची. हात चुकला तर काय होईल हे घरात कुणी बोलायचं नाही.

ते हात अंकलचे होते. बाबा आणि अंकल सतरा वर्षं एकाच शेडमध्ये, एकाच शिफ्टला. अंकल ख्रिश्चन, नागपूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेले, त्यामुळे आमच्यासारखंच बोलायचे, मधेच हिंदीत घुसायचे. बाबा त्यांना ‘उस्ताद’ म्हणत, ते बाबांना ‘भाऊ’. उस्ताद म्हणायचं कारण गिटार. टाउनशिप नवीन होती तेव्हा अंकलनी आणखी तिघांना जमवून एक बँड काढला होता. ड्रमवर वर्कशॉपमधला एक फिटर, बाकीचे दोघं ऑफिसात कारकून. इंग्रजी गाणी, लाल साटनचे शर्ट, ते अंकलच्या बायकोने घरच्या मशीनवर शिवलेले. क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांचा अर्धा तास ठरलेला असे.

मला इंग्रजी अंकलनी शिकवलं. कॉलेजचे लोक, मासिकं, सगळं नंतर. मी सात-आठ वर्षांची असताना ते मला सायकलच्या दांडीवर बसवून मरोदा डॅमकडे नेत आणि वाटेत गाणी म्हणून घेत. “जीभ दाताले लाव. आता फुंक. हा, असं.” शाळेत बाकीच्या मुली जिथे अडखळायच्या तिथे मी अडखळत नसे. पुढे ज्या मंडळात मला घेतलं गेलं, ते त्या उच्चारांच्या जोरावर.

ते मंडळ म्हणजे फिल्म सर्कल. बड्या अधिकाऱ्यांच्या मुलामुलींनी क्लबात चालवलेलं. रविवारी दुपारी चार वाजता, छोट्या हॉलमध्ये पडदे ओढून. फिल्मचे डबे रेल्वेने दुर्ग स्टेशनवर यायचे आणि सर्कलचा सेक्रेटरी ते जीपमधून आणायचा. सेक्रेटरी एका मोठ्या साहेबाचा मुलगा, दिल्लीला शिकून परत आलेला, दाढी राखलेला. कॉलेजात माझ्या वर्गात एका इंजिनिअरची मुलगी होती. तिने मला तिथे नेलं. ती माझी मैत्रीण झाली आणि मी पहिल्या दिवसापासून तिच्यासारखी बसायला, हसायला, केस मागे सारायला शिकले.

पडद्यावर टोप्या घातलेली माणसं, ओल्या रस्त्यावर चमकणारे दिवे, खिडकीच्या पट्ट्यांची भिंतीवर पडलेली सावली, आणि सिगारेट ओढणारी एक बाई, जिच्यावर विश्वास ठेवला की माणूस संपला. रीळ बदलायला दिवे लागायचे तेव्हा आमची मतं सुरू व्हायची. हा ग्रेट, तो ठीक, अमुक ओव्हररेटेड. ‘ओव्हररेटेड’ हा आमचा लाडका शब्द. घरीही मी तो एकदा आमटीबद्दल वापरला. आई म्हणाली, “म्हंजे मीठ जास्ती झालं का व?”

सिनेमा संपला की व्हरांड्यात चहा आणि बँडवर चर्चा. सेक्रेटरीकडे कॅसेट होत्या, कुणाच्या तरी परदेशातल्या मामाकडून उतरवून आणलेल्या. त्याचं म्हणणं असं, की हे सगळे बँड दहा वर्षांपूर्वीच थांबायला हवे होते. पोटं सुटली, केस गेले, तरी चाललेच आहेत. आम्ही मान डोलवायचो. आमच्यातल्या एकानेही त्यांतला एकही बँड प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. मासिकातल्या फोटोत कुणाच्या डोळ्यांखाली किती सुरकुत्या आहेत ते मोजून आम्ही निकाल द्यायचो.

त्या वर्षी क्लबच्या वार्षिक कार्यक्रमाला सर्कलची आम्ही मुलं तिसऱ्या रांगेत एकत्र बसलो होतो. अंकलनी दिलेल्या पासावर आई-बाबाही आले होते. ते खूप मागे, भिंतीला लागून असलेल्या खुर्च्यांवर. मी आत शिरताना बाबांनी मला हाक मारली, “इकडं ये ना, जागा धरली तुयासाठी.” मी ऐकू न आल्यासारखं केलं.

बँड आला. लाल शर्ट तेच होते, माणसं जाड झाली होती. अंकलच्या शर्टाची बटणं ताणली गेली होती आणि दोन बटणांच्या मधून गंजी दिसत होती. त्यांनी पहिलं गाणं ड्रमच्या आधीच सुरू केलं. मग थांबून, हसून, पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या गाण्यात दुसरं कडवं विसरले आणि पहिलंच परत म्हटलं. वरचा सूर लावताना आवाज फाटला. आणि गिटार गळ्यात नुसतं लटकत ठेवून गाताना सतत त्यांचे हात चालू. सपाट धरलेला पंजा खाली, वर, बाजूला. ड्रमवाल्या फिटरकडे पाहत ते हात हलवायचे, फिटर त्यांच्याकडे पाहायचा.

आमच्या रांगेत हसू फुटलं. सेक्रेटरीने हात तोंडावर धरला. मीही हसले. आधी थोडं, मग सगळ्यांएवढं.

गाणं संपल्यावर अंकलनी तिसऱ्या रांगेत मला पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी हात वर करून हलवला. मी खाली, माझ्या चपलांकडे पाहिलं.

“तुला केला ना हात?” मैत्रिणीने विचारलं. “ओळखतेस तू त्यांना?”

“नाही ग,” मी म्हणाले. “बाबांच्या खात्यातले असतील कुणी.”

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरीने मला सर्कलच्या पत्रकासाठी लिहायला सांगितलं. मला कुणी असं काही सांगितलं नव्हतं कधी. लायब्ररीत दोन दुपारी बसून मी लिहिलं. मुद्दा असा होता, की जुने सिनेमे म्हातारे होत नाहीत, कारण पडद्यावरचा माणूस जसा होता तसाच राहतो. बँड मात्र आपल्या डोळ्यांदेखत म्हातारा होतो, आणि ज्याला थांबायचं कळत नाही त्याची कीव करावी की त्याला हसावं हे प्रेक्षकाला कळत नाही. एवढं लिहून थांबले असते तर ते एका उथळ मुलीचं उथळ मत राहिलं असतं. पण मला उदाहरण हवं होतं. मी लिहिलं, की उदाहरणासाठी लंडनला जायला नको, आपल्या क्लबात चला. बटणांबद्दल लिहिलं. गंजीबद्दल लिहिलं. एकच कडवं दोनदा म्हणण्याबद्दल लिहिलं. आणि शेवटी एक वाक्य लिहिलं, जे मला त्या वेळी फार सुचलेलं वाटलं: हा गायक गाताना असे हातवारे करतो, जणू छतावरून एखादी क्रेन खाली बोलावतो आहे.

ते वाक्य सर्कलमध्ये गाजलं. सेक्रेटरीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. व्हरांड्यात मुलं एकमेकांना हात करून क्रेन खाली बोलावू लागली. माझे वडील क्रेनच्या केबिनमध्ये बसतात हे त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं. मैत्रिणीलासुद्धा मी ‘प्लांटमध्ये आहेत’ एवढंच सांगितलं होतं.

पत्रक मी घरी आणलंच नाही. पण बाबांच्या खात्यातल्या एका साहेबाचा मुलगा सर्कलमध्ये होता. त्या साहेबाने माझं आडनाव पाहून बाबांना विचारलं आणि पत्रकाची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली. “आपकी बेटी तो बढ़िया अंग्रेज़ी लिखती है।” बाबा ते पान शर्टाच्या आत, पोटाशी धरून घरी घेऊन आले, घामाने भिजू नये म्हणून वरून रुमाल गुंडाळून.

“पोरी, वाच बरं. काय लिवलं तू?”

बाबा मराठी वाचत, हिंदी वाचत. इंग्रजी त्यांना फक्त पाटीपुरतं येई. मी म्हणाले, “बाबा, उद्या परीक्षा आहे. मग सांगते.” दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, डोकं दुखतंय. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. मला वाटलं, विसरले.

रविवारी सकाळी अंकलची सायकल अंगणात लागली. बाबांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. आईने मुगाचे वडे तळायला घेतले होते, मी तिच्याजवळ पीठ फेटत होते. बाहेरच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं.

“उस्ताद, हे पाह्य. पोरीनं लिवलं. इंग्लिशमधी. ते लाजून राहिली, सांगत नाई. तू वाच आन मले मराठीत सांग.”

मी उठले. दारापर्यंत गेले. अंकलनी चष्मा लावला होता आणि पान डोळ्यांजवळ धरलं होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. ‘अंकल, नका वाचू’ एवढं जरी म्हणाले असते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

ते आधी मनातल्या मनात वाचत होते. त्यांचे ओठ हलत होते. मग हलायचे थांबले. त्यांनी पान उलटलं, परत मागे उलटलं.

“काय रे?” बाबा म्हणाले. “कठीन हाये का?”

“कठीन नाई भाऊ. चांगलं हाये. थांब, नीट सांगू दे.”

मग ते सांगू लागले. सिनेमाचा भाग त्यांनी जसाच्या तसा सांगितला. सावल्या, टोप्या, सगळं. बाबा हुंकार भरत होते. नंतर त्यांनी चष्मा सारखा केला.

“आता इथून बँडबद्दल हाये. आपल्याच बँडबद्दल.”

“तुया? काय म्हन्ते?”

“म्हन्ते का... सिनेमातला मानूस तसाच राह्यते. बँडवाला मानूस आपल्या डोयापुढं म्हातारा होते. तरी थांबत नाई. मंग लिवलं का, असे लोक पाहासाठी लंडनले जाची गरज नाई. आपल्या क्लबात हायेत. तेच शर्ट घालतेत, जुने झाले तरी. एक कडवं आवडलं त पुन्हा म्हन्तेत.”

“बरोबर!” बाबा म्हणाले. “दोनदा म्हटलं व्हतं तू!”

“आन शेवटी लिवलं...” अंकल थांबले. मला वाटलं, आता. “शेवटी लिवलं का, हा मानूस गाते तवा त्याचे हात असे साफ चालतेत, का वर छतावर बसलेल्या क्रेनवाल्यालेबी समजावं.”

बाबांनी आपला पंजा तसाच हवेत खाली-वर करून पाहिला. मग मांडीवर थाप मारून हसले. “पाह्यलं? पोट्टीनं पाह्यलं! सतरा वर्सं मी त्या हाताच्या भरोशावर बसून राहिलो वर. हे कोनाले सांगता नाई आलं मले आजवर. पोट्टीनं बरोबर लिवलं.” मग आत हाक मारली, “अवो, आयकलं का? वडे आन!”

वडे मीच नेले. ताटली पाटावर ठेवताना वाजली. अंकलनी वडा उचलला. माझ्याकडे पाहिलं ते रागाने नाही, फार वेळही नाही. “इंग्रजी सुधरली तुयी,” ते म्हणाले. “एका जागी ‘द’ राह्यला फक्त.” दोन वडे खाऊन ते गेले. नेहमी ते चार-पाच खात.

त्या दिवशी त्यांच्या मागे अंगणात गेले असते तर? मी न्हाणीत गेले आणि नळ सोडून बसले. रडू आलं असं म्हणणं खोटं होईल. सुटका झाल्यासारखं वाटलं होतं, आणि आपल्याला सुटका झाल्यासारखं वाटतंय हे कळल्यावर जे वाटलं त्याला मला आजही शब्द सापडत नाही.

त्यानंतर मी अंकलना टाळू लागले. सायकलची घंटी ऐकली की मागच्या दाराने शेजारी. सर्कलमध्ये जाणंही हळूहळू सोडलं. कुणाशी भांडण झालं नाही. तिथले लोक मला नवीन काही लिहायला सांगत होते आणि मला सुचत नव्हतं, एवढंच.

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात बँड आला तेव्हा गायला कुणी तरुण मुलगा होता. अंकल मागे खुर्चीवर बसून गिटार वाजवत होते. मी या वेळी आई-बाबांशेजारी, भिंतीला लागून बसले होते. माझ्या लेखाने त्यांचं गाणं बंद केलं, या विचाराने मला बसवेना.

“बाबा, अंकल कावून नाई गाऊन राहिले?”

“त्याले आयकू येत नाई आता,” बाबा म्हणाले. “मागच्या सालीच येत नव्हतं. शेडमधला आवाज खाते कान. मी तरी वर काचेच्या केबिनमधी असतो, तो खाली उभा राह्यते. मागच्या साली त्याले ड्रम आयकूच नव्हता येत. फिटरच्या हाताकडं पाहून गात व्हता, आन त्याले हातानंच सांगत व्हता, हळू घे, थांब, आता घे. तू तर लिवलं ना ते. मले वाटलं तुले माहीत हाये.”

मला माहीत नव्हतं. मी होकाराची मान हलवली आणि स्टेजकडे पाहत राहिले.

मग माझं बी.ए. झालं, बी.एड. झालं, दुर्गला एका शाळेत नोकरी लागली. लग्न ठरलं तेव्हा मुलाकडची माणसं अमरावतीहून आमच्या क्वार्टरमध्ये आली. बाबांनी ते पत्रक काढलं. आतापर्यंत त्यांनी ते प्लास्टिकच्या कव्हरात घातलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवून झालं होतं. माझे होणारे सासरे मराठी शाळेत मास्तर होते, ते म्हणाले, “इंग्रजी आमचं कच्चं. सूनबाई, तुम्हीच सांगा काय लिहिलंय ते.”

बाबा आशेने पाहत होते. आणि मी सांगितलं. सिनेमातला माणूस तसाच राहतो, बँडवाला डोळ्यांदेखत म्हातारा होतो तरी थांबत नाही, असे लोक पाहायला लंडनला जायची गरज नाही. एकही शब्द न अडखळता. गाताना त्याचे हात असे साफ चालतात की वर बसलेल्या क्रेनवाल्यालाही समजावं. अंकलचा लेख मला पाठ होता. माझा स्वतःचा आठवायला मला कागद लागला असता. सासऱ्यांनी ‘वा!’ म्हटलं. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी चहाचे कप गोळा करून आत गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आपण आता त्यांचा चांगुलपणासुद्धा स्वतःच्या नावावर लावून घेतला, हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी अंकलकडे गेले. ते रिटायर होऊन स्मृती नगरमध्ये राहायला गेले होते. मी रिक्षात बसून वाक्यं जुळवली होती. हळू आवाजात, नीट, एकेक करून बोलायची होती ती. अंकल व्हरांड्यात बसून कुंडीतली माती उकरत होते.

“अंकल, मला तुमच्याशी बोलायचं होतं. त्या लेखाबद्दल.”

“काय? कोनाच्या लग्नाबद्दल?”

“लेखाबद्दल!”

“जोरानं बोल पोरी. हा कान तर गेलाच हाये.”

मग मला ओरडावं लागलं. “मी जे लिहिलं ते वाईट होतं! तुमच्याबद्दल! मला माफ करा!” शेजारच्या घरातली बाई कपडे काढायला बाहेर आली होती, ती तिथेच थांबली. आतून आंटी आल्या. अंकलनी माझ्याकडे पाहिलं आणि हाताने खूण केली, बस.

“वाईट नव्हतं,” ते म्हणाले. “खराबच गायलो मी त्या दिवशी. गंजी दिसून राहिली व्हती, ते बी खरं. हे,” त्यांनी आंटींकडे बोट केलं, “हे म्हणत व्हती का नवा शर्ट शिवते, मीच नको म्हटलं.”

“पण मी...”

“लेखाचं नाई लागलं मले. जवान पोट्टे असं बोलतेतच. आमी बी बोलत व्हतो, आमच्या मास्तरांबद्दल.” त्यांनी बोटांची माती चोळून काढली. “मी हात केला आन तू खाली पाह्यलं. ते लागलं. ते खूप दिवस लागून राहिलं.”

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, काही नाही. ते तसं म्हणाले नाहीत. मी मान खाली घातली, आणि आपण पुन्हा तेच करतोय हे कळून वर पाहिलं. त्यांच्याकडे पाहत बसणं फार कठीण होतं. ते मी केलं.

थोड्या वेळाने मी ओरडून विचारलं, “बाबांना सांगू का खरं?”

“नको,” ते लगेच म्हणाले. “त्याले कावून? माझ्या हाताबद्दल त्यानं त्या दिवशी पह्यल्यांदा काही म्हटलं. सतरा वर्सांत नव्हतं म्हटलं. ते राहू दे आमच्यापाशी.”

आंटींनी चहा आणला. काही बोलायचं म्हणून अंकलनी विचारलं, “तुमी ते सिनेमे पाहत व्हते, ते कसे असायचे? आमाले कोनी बोलावलं नाई कधी. मले पाहाचे व्हते.”

सर्कलच्या प्रत्येक मेंबरला एक पाहुणा आणायची मुभा होती. मी दोन वर्षांत कुणालाच नेलं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्याऐवजी एका सिनेमाची गोष्ट सांगायला लागले. बंदराच्या गावात घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस असतो. एका बाईच्या शब्दावर तो खुनाच्या खटल्यात खोटी साक्ष देतो, आणि पुढे त्याच साक्षीमुळे तो खून त्याच्याच गळ्यात येतो. मी ओरडून सांगत होते, आंटी स्टूल घेऊन बसल्या, शेजारची बाई कपडे हातात घेऊन कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की मधला बराच भाग मला तेव्हाही कळलेला नव्हता. मी प्रामाणिकपणे म्हणाले, “इथलं मला समजलं नव्हतं.”

“ते बाई त्याले फसवत नव्हती,” अंकल विचार करून म्हणाले. “भेली असन बिचारी. तिले कोनी इचारलं नसन.”

“असेल,” मी म्हणाले. आमच्या सर्कलमध्ये ती बाई कुणालाही आवडली नव्हती, मलाही नाही.

अंधार पडायच्या आत मी निघाले. अंकल फाटकापर्यंत आले. माझं लग्न दोन्हीकडच्यांना मध्ये पडेल असं नागपूरला ठेवलं होतं. ते आणि आंटी आले, पण गिटार आणलं नाही. मी आग्रह करायला धजले नाही. दोन-तीन वर्षांनी ते मुलाकडे जबलपूरला राहायला गेले आणि तिथेच वारले. बातमी बाबांच्या पत्रातून कळली. बाबांनी त्या पत्रात दुसरं काहीही लिहिलं नव्हतं, तब्येत, पाऊस, भाव, काही नाही. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते बाहेरच्या खोलीत बसले होते आणि त्यांनी मला विचारलं, “उस्ताद गेल्यावर काही लिवशीन का त्याच्यावर? तू चांगलं लिवते त्याच्याबद्दल.”

मी ‘हो’ म्हणाले. बाबा असेपर्यंत ते मला जमलं नाही.